अध्यक्षांच्या डाव्या कानाशी

माझ्या मामेसासऱ्यांना अख्ख्या अमिरातीत कुणी कशाचंही अध्यक्ष केलं नाही, आणि तरी नव्वदच्या दशकात उम्म अल कुवैनमधल्या आमच्या मराठी मंडळावर राज्य केलं ते त्यांनीच. अध्यक्ष बदलत, मामा बदलत नसत. बैठकीत ते अध्यक्षांच्या मागे, जरा डावीकडे बसायचे आणि वेळ आली की पुढे वाकून कानात दोन शब्द सांगायचे. शेजारच्यालाही ते ऐकू जात नसत. "खुर्चीतला माणूस लोकांना दिसतो जावईबापू," मला म्हणायचे, "आणि दिसला की संपला."

गंमत अशी, की नवा अध्यक्ष चार महिन्यांत मान डावीकडे कलती ठेवायला लागे. 'नाही' म्हणण्याआधी अगदी मामांसारखा बारीक खाकरे. एका अध्यक्षांची बायको आमच्याकडे येऊन रडवेली झाली होती. "भाजी कुठली करू विचारलं, तर मान वाकडी करून थांबून राहतात हो. मागे कुणीच नसतं." आम्ही हसलो. मामांनी चहात बिस्किट बुडवत विचारलं, "मग कुठली सांगितली?" "भेंडी," ती म्हणाली. मामांनी समाधानाने मान हलवली. भेंडी त्यांची आवडती.

दर गणपतीला एकच विषय अडायचा. इंडस्ट्रियल एरियातल्या कॅम्पात राहणारे आपले मराठी कामगार आरतीला यायचे आणि दारातूनच प्रसाद घेऊन परत जायचे. त्यांना पंगतीला बसवलं तर वर्गणी देणारे शेठ बिथरतील, म्हणून मामा कानाशी लागत आणि अध्यक्ष खाकरून जाहीर करत, "नेक्स्ट इयर बघू, इन्शाल्ला." माझी बायको सुमन दरवर्षी चिडायची. "मामा, वर्षातून एकदा तरी त्यांना घरचं जेवण मिळू दे ना."

"पॉलिटिक्स आहे बाळा," मामा म्हणायचे. "अध्यक्षाला मन असून चालत नाही."

मामा गेले आणि पुढच्या वर्षी सुमन अध्यक्ष झाली. पहिल्याच बैठकीत तो विषय निघाला. तिच्यामागची मामांची खुर्ची कुणी हलवली नव्हती, तिच्यावर कुणी बसलंही नव्हतं. एक शेठ म्हणाले, "मॅडम, कॅम्पवाले पंगतीत बसणार असतील तर आमचं कॉन्ट्रिब्यूशन खलास समजा." सगळे सुमनकडे बघायला लागले. तिची मान हळूहळू डावीकडे कलली. मग ती बारीक खाकरली, आणि मी मनातल्या मनात 'नेक्स्ट इयर' म्हणून टाकलं.

"सगळे पंगतीत बसतील," ती म्हणाली. "पैसे कमी पडले तर श्रीखंड नको करू या."

घरी येताना गाडीत मी विचारलं, मान का वाकडी केली होतीस. ती बाहेरच्या वाळूकडे बघत राहिली. "मामा बोलले," ती म्हणाली. "म्हणाले, 'घे गं त्यांना आत. मला कधी धीर झाला नाही.'"

मी तिची चेष्टा करणार होतो, पण केली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कानात बोलणाऱ्या त्या माणसाला स्वतःच्या मनातलं बोलायला फार उशीर झाला, याचं मला खरंच वाईट वाटलं.