माळावर झाड लावू दिलं नाही

बायको गेली तेव्हा तिच्या राखेवर झाड लावायचं ठरलं. मला कोणी विचारलं नाही, तिच्या धाकट्या भावानं ठरवलं. आमच्या भातकुलीकडे आता ही रीतच पडली आहे. अस्थी पूर्णेत सोडतात, पण राख नदीत टाकत नाहीत. खड्डा करून त्यात टाकतात अन् वर रोप लावतात. रीत चांगली आहे. माझ्या मोठ्या भावाचा आंबा असाच वावरात उभा आहे.

साळा अचलपूरहून वडाचं रोप घेऊन आला. मोठ्या बहिणीला तो बाई म्हणे.

"माळावर लावू, भाऊजी. बाईचा जीव तिथंच होता."

तेवढं खरं होतं. गावामागं ई-क्लासचा माळ आहे, ढोरं चारायची सरकारी जमीन. खारी आहे, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून कोणी नांगर घातला नाही अन् गवत राहिलं. दिवाळी झाली की त्या गवतावर लहान ससाणे येतात. पारव्याएवढे, पाठ विटेच्या रंगाची. बायको म्हणे, बर्फाच्या मुलखातून येतात. ती सातवी शिकलेली, मी दुसरीतच शाळा सोडलेली, म्हणून मी वाद घातला नाही.

पोरानं पुण्याहून त्याचा जुना कॅमेरा आणून दिला होता, आईनं नातवाचे फोटो काढावे म्हणून. नातू राहतो पुण्यात. मग हिनं ससाणे काढले.

पायी गेलं की ते उडत, मोटरसायकल नेली तर आणखीच लांबून. बैलबंडीला मात्र भीत नाहीत. बैलं चालली की गवतातून नाकतोडे उडतात अन् ससाण्याला तेच पाहिजे असतात. मी पुढं कासरा धरायचो, ती मागं कडब्याच्या पेंढीवर कॅमेरा टेकवून बसायची. हा पक्षी हवेत एका जागी उभा राहतो. पंख फडफडतात, शेपटी पसरते, पण डोकं हलत नाही, खिळा ठोकल्यावाणी. मग एकदम दगडासारखा खाली पडतो. तो उभा असतानाचा फोटो तिला पाहिजे असे.

"दिसला काय?" मी विचारायचो.

"दिसला होता. तुमी बोल्ले, गेला."

"मी त हळूच बोल्लो."

"तुमचं हळू म्हंजे दवंडी. त्यापेक्षा बैलं बरी, मुकी हायेत."

एका हिवाळ्यात मी म्हटलं, इथं दोन-चार निंब लावू, बसायला सावली होईल. तिनं कॅमेऱ्यातून डोळाही काढला नाही.

"सावली तुमाले पायजे, त्याले नाही. झाडं झाली का खालचं गवत मरते. मंग तो काय खाईन, तुमची चप्पल?"

म्हणून साळ्याला मी म्हटलं, माळावर झाड नाही.

"काहून?"

"ससाणे येनार नाहीत."

घर माणसांनी भरलेलं होतं. बाया तोंडाला पदर लावून माझ्याकडे पाहत राहिल्या.

"माही बहीण मेली, भाऊजी. अन् तुमाले पाखरं सुचून राह्यली?"

"तिलेच सुचत होती."

पोरगा म्हणाला, बाबा, एका झाडानं काय होते. मी म्हटलं, आज हिचा वड लागला की उद्या घरोघरचं झाड तिथंच येईल. गाव मोठं आहे अन् माणसं मरतच असतात.

राख माळावरच नेली. श्रावणातला पाऊस जरा उघडला होता. पेरताना टाकतो तशी मी चालत चालत मुठीनं टाकली. वाऱ्यानं थोडी धोतरावर आली, ती झटकली नाही. साळा रोप मांडीवर घेऊन एसटीनं परत गेला. पोळा गेला, दसरा गेला, त्याचा फोन नाही. मी समजत होतो. त्यांची माय लवकर गेली, हिनंच त्याला कडेवर वाढवलं. त्याला हात जोडायला एक जागा पाहिजे होती अन् मी ती ठेवली नाही.

दिवाळीनंतर ससाणे आले. मी बंडी जुंपून गेलो. पण कासरा धरला तर कॅमेरा सुटतो अन् कॅमेरा धरला तर बैलं शेजारच्या तुरीत घुसतात. घरी येऊन साळ्याला फोन लावला.

"ये. बंडी हाकाले मानूस नाही."

तो म्हणाला, "अचलपुराहून येऊ? बंडी हाकाले?"

"हो."

आला. कासरा धरला. माळाच्या मध्यात ससाणा वर उभा राहिला. साळ्यानं बैलं थांबवली अन् मान वर करून पाहत राहिला.

"असाच राह्यते काय हा?"

"असाच."

"राख इथंच टाकली?"

"इथून त्या तुरीच्या धुऱ्यापर्यंत. खूण नाही ठेवली."

त्यानं कासरा माझ्या हातात दिला, चपला बंडीत काढल्या अन् गवतात उतरला. थोडं पुढं जाऊन हात जोडले. मग वळून दुसऱ्या बाजूला जोडले. कुठं जोडावे ते त्याला समजत नव्हतं, म्हणून तो सगळीकडे फिरून जोडत होता. ससाणा जरासा सरकला अन् त्याच्या डोक्यावरच पुन्हा उभा राहिला. मी कासरा मांडीखाली दाबला अन् बटन दाबलं. फोटोत पक्षी ठिपक्याएवढा आहे अन् खाली साळ्याचं टक्कल.

तो परत येऊन बसला. पँटीला कुसळं चिकटली होती, ती एक एक उपटत राहिला.

"पुढच्या सालीबी येतीन काय हे?"

"गवत राह्यलं त येतीन."

"मंग मले फोन करजा," तो म्हणाला, माझ्याकडून कासरा घेतला अन् बैलं हाकली.