बेवारस काका

शिंपीणबाईंच्या काकाला जिवंतपणी कुणी हिंग लावून विचारलं नाही. मेल्यावर तो चकचकीत कागदावर छापून आला, तेव्हा मात्र साऱ्या घराला प्रेमाचं भरतं आलं.

काका रंगारी होता आणि भलताच उंच. शिडीशिवाय छत रंगवायचा. दारात त्याचं डोकं आपटलं की आत्या ओरडायची, "अरे, चौकट फुटेल!" पुढे तो इस्पितळात पडला. बहिणीला बोलावतोय असा निरोप आला तेव्हा आत्याकडे नेमके पाहुणे होते आणि बाईंच्या वडिलांची नेमकी कंबर धरली होती. लहानग्या बाई रडून रडून थकल्या, पण कुणी गेलं नाही. काका तिथेच वारला, बेवारस ठरला, आणि वैद्यकीय महाविद्यालयाने त्याचा सांगाडा काचेच्या कपाटात उभा केला.

बाईंना हे कळलं ते केस पिकल्यावर. तिथल्या एका प्राध्यापकांनी महाविद्यालयाच्या शरीरसंग्रहालयावर जाडजूड सचित्र पुस्तक काढलं. त्यात बरण्यांतले अवयव होते, मेणाची हृदयं होती, जुन्या करवती होत्या आणि पानभर काका होता. शेजारी इस्पितळातला त्याचा फोटो, म्हणून तर ओळख पटली. थोरल्या भावाने पुस्तक दिवाणखान्यात मांडलं. आल्यागेल्याला दाखवायचा, "आमचे काका! वैद्यकाच्या इतिहासात नाव आहे."

"नाव कुठंय, दादा? 'अतिउंच पुरुष, बेवारस' असं लिहिलंय. वाचता येतं ना?"

"तुला मेलीला कशाचं कौतुकच नाही," आत्या म्हणाली.

बाई तडक प्राध्यापकांकडे गेल्या. "काका परत द्या. त्याला नीट निरोप देऊ."

"अहो, ते आमच्या संग्रहाची शान आहेत!" प्राध्यापक पुस्तकावरून हात फिरवत म्हणाले. "बरं, घरातल्या सगळ्यांची संमती आणा, मग बघू."

संमती कोण देतो? "तिथे किती मानाने उभा आहे तो!" भाऊ म्हणाला. वर महाविद्यालयाने कुटुंबाचा सत्कार ठरवला होता. हार सोडून हाडं कोण मागणार?

सत्काराला आत्या माइकसमोर डोळे पुसत म्हणाली, "माझा लाडका भाऊ! त्याच्यासाठी जीव तुटायचा माझा."

बाई पहिल्या रांगेतून उठल्या. "आत्या, तो मरताना तुलाच बोलवत होता. तू पाहुण्यांना वाढत होतीस. जीव तुटत होता, तर पाय का नाही उचलले?"

आत्या हार सावरत खाली बसली. प्राध्यापकांनी घसा खाकरला आणि घाईघाईने पुढचं चित्र पडद्यावर आणलं. मूत्रपिंडाचं होतं.

पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. 'बेवारस' शब्द गेला आणि त्या जागी आलं, 'कुटुंबाच्या सौजन्याने'. ते वाचून बाई इतक्या हसल्या की ग्रंथपालाने हटकलं.

काका अजून कपाटातच आहे. महाविद्यालयाचा प्रमुख बदलला की बाई नव्या प्रमुखापुढे जाऊन उभ्या राहतात. नवाही तेच गुळमुळीत बोलतो. भाऊ आणि आत्या मात्र त्यांच्याशी बोलत नाहीत. घरात इतकी शांतता बाईंनी कधी अनुभवली नव्हती.