कंडेन्सरला लावलेलं कुंकू

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत चिठ्ठी उघडली, तर नेमका नको तोच प्रयोग: कंडेन्सरमधला चार्ज गळू देऊन खूप मोठा रोध मोजणे. मेले! मागच्या खेपेला प्रॅक्टिकलमध्येच माझी दांडी उडाली होती. बाबांनी साफ सांगितलं होतं, "या वक्ताला न्हाय जमलं तर शिक्षण बास. गप वळसंगला घरी यायचं." आणि बाबा बोलतात तसंच करतात.

प्रयोग तसा सोपा. कंडेन्सर चार्ज करायचा, लगेच गॅल्व्हानोमीटरमधून सोडायचा आणि प्रकाशाचा ठिपका पट्टीवर किती उडी मारतो ते बघायचं. मग पुन्हा चार्ज करून तो थोडा वेळ रोधातून गळू द्यायचा आणि उरलेल्याची उडी बघायची. उडी किती घटली, त्यावरून रोध काढायचा.

माझा ठिपका दुसऱ्या वेळी जागचा हलेचना. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी वैतागून रोधाची वायरच काढून टाकली आणि नुसता कंडेन्सर तेवढाच वेळ ठेवला. तरी चार्ज गायब! म्हणजे गळती भलतीकडूनच होती की.

वाकून बघते तर काय, कंडेन्सरच्या वायरी जोडायच्या दोन स्क्रूंमध्ये हळदीकुंकवाचा हा जाड पट्टा! खंडेनवमीला आम्हा मुलींनीच लॅबमधल्या यंत्रांची पूजा केली होती, पाण्यात कालवून चांगली बोटं ओढली होती. त्यात समोरून कूलरचा दमट वारा. चार्ज बिचारा त्या पट्ट्यावरूनच पळून जात होता.

मी स्पिरिटचा बोळा घेऊन घासायला लागले. बाहेरगावचे परीक्षक मागे येऊन उभे राहिले. "काय चाललंय?"

"सर, कुंकू पुसतेय."

ते खो खो हसले. "दसऱ्याचं ना? आमच्याकडेही लावतात." मग माझं नवं रीडिंग बघून म्हणाले, "हं, आता बरोबर. गळती शोधलीत, हे छान केलंत."

हुश्श! इतकं हलकं वाटलं की डोळेच भरून आले.

बाहेर आई सकाळपासून कडुनिंबाखाली बसली होती. माझं तोंड बघूनच तिला कळलं. "झालं व्हय गं?"

"लई छान झालं, आई. बाबांना सांग, मी न्हाय येत घरी."

आईने पदराने डोळे टिपले आणि पिशवीतून गावच्या देवीच्या कुंकवाची पुडी काढली. "चल, तुज्या त्या मशिनला लावून येते."

मी तिचा हात घट्ट धरला आणि कपाळ पुढे केलं. "हितंच लाव."