लोखंडाला मिळालेलं श्रेय

दोन हजार सालाच्या आसपास मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होते. काम थोडक्यात सांगण्यासारखं होतं. औषधं बनवताना कार्बनी रेणूंचे दोन तुकडे जोडावे लागतात. ते जोडायला सगळे पॅलेडियम हा महागडा धातू वापरतात. आम्हाला तेच काम लोखंडाकडून करून घ्यायचं होतं. लोखंडाची तयारी नव्हती. दोन वर्षं मी वहीत तारीख घालून ‘प्रक्रिया झाली नाही’ असं लिहीत होते. अक्षर मात्र सुधारलं.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण पॅलेडियमवर काम करायची. तिने कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि सहा महिन्यांत एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. जाताना तिने आपल्या खणातलं सगळं सामान माझ्या खणात ओतलं.

पुढच्या महिन्यात एका मंगळवारी लोखंडाने काम केलं. संध्याकाळी माझ्यापुढे पांढरे स्फटिक होते. मी तो प्रयोग अकरा वेळा केला, अकराही वेळा जमला. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, “बरं आहे.” त्यांच्या तोंडून हे मी प्रथमच ऐकत होते. कोथरूडला घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “नुसतं बरं? चांगलं नाही म्हणाले?”

आम्ही शोधनिबंध लिहिला आणि एका परदेशी नियतकालिकाने तो स्वीकारला. मग सर म्हणाले, “आता जरा मोठ्या प्रमाणावर करून बघा.” मी मोठा फ्लास्क घेतला. काहीच झालं नाही. नवं लोखंड आणलं, द्रावक बदलला, काच पुन्हा पुन्हा धुतली. काही नाही. लहान फ्लास्ककडे परतले की सगळं पुन्हा सुरळीत.

तीन आठवड्यांनी लक्षात आलं की दोन्हींत आणखी एक फरक होता. मिश्रण ढवळायला फ्लास्कच्या तळाशी एक लहानसं, पांढऱ्या टेफ्लॉनचं आवरण असलेलं मॅग्नेट फिरत असतं. मोठ्या फ्लास्कमधलं कोरं होतं. लहानातलं मैत्रिणीच्या खणातून आलेलं, ओरखडे पडलेलं, आणि त्या ओरखड्यांत काळपट काहीतरी बसलेलं.

मी लहान फ्लास्कमध्ये तेच मॅग्नेट टाकलं आणि लोखंड घातलंच नाही. संध्याकाळी स्फटिक आले. नेहमीपेक्षा थोडे जास्तच.

म्हणजे मैत्रिणीचं पॅलेडियम ओरखड्यांत दडून इतके दिवस काम करत होतं. मी तीन दिवस कोणाला काही बोलले नाही. निबंध छापून येणार होता, ते मॅग्नेट कचऱ्यात टाकायला एक क्षण पुरला असता, आणि पुढे कुणाला तो प्रयोग जमला नाही तर त्याचं लोखंड वाईट म्हणता आलं असतं. या सगळ्याचा मी नीट विचार करून ठेवला होता. पण जेवण जात नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी मी सरांच्या खोलीत गेले.

“सर, लोखंड काही करत नाहीये.”

“मग कोण करतंय?”

मी मॅग्नेट त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ते भिंगाखाली बराच वेळ पाहिलं.

“निबंधावर तुमचं नाव आहे, माझं आहे. याचं राहिलं,” ते म्हणाले. मग म्हणाले, “निबंध मागे घेतोय असं संपादकांना कळवा. पत्र तुम्ही लिहा. कारणं मोजकी, दिलगिरी एकदाच.”

माझे डोळे भरून आले. सरांनी खिडकी उघडली आणि बाहेर काहीतरी बघण्यासारखं असल्यासारखे पाठमोरे उभे राहिले.

मैत्रिणीला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, “सोड गं ते सगळं, आमच्याकडे ये. इथे निदान चूक झाली की स्क्रीनवर दिसते.” मी दोन दिवस विचार केला आणि गेले नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आताही फारसं येत नाही.

प्रबंध दीड वर्ष लांबला. त्यात लोखंडाचं प्रकरण छोटं झालं आणि न धुतलेल्या मॅग्नेटचं मोठं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं ते त्यावरच. नंतर ते स्वतंत्रपणे छापूनही आलं. काही महिन्यांनी परदेशातून एका अनोळखी रसायनशास्त्रज्ञाचं पत्र आलं. माझा लेख वाचून त्याने आपली मॅग्नेटं आम्लात धुतली होती, आणि त्याचं चार वर्षांचं काम त्या दिवसापासून बंद पडलं होतं. पत्रात आभार नव्हते.