सत्तावीस नंबरचा उंचवटा

अलास्काच्या अगदी उत्तरेला, जिथे झाड म्हणून उगवत नाही, तिथे मी नऊ उन्हाळे हिमघुबडांची घरटी मोजली. त्यातल्या शेवटच्या दोन उन्हाळ्यांत माझ्या वहीत एकही घरटं नव्हतं. दहाव्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, माझ्या जागी नागपूरची एक मुलगी गेली, आणि तिच्या पहिल्याच आठवड्यात घुबडं आली. सॅटेलाइट फोनवर तिनं ते सांगितलं तेव्हा मी "अरे वा" म्हणाले, फोन ठेवला आणि फिजिओथेरपिस्टनं दिलेला व्यायाम अर्धवट टाकून सोफ्यावर बसून राहिले.

त्यात तिचा काही हात नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. टुंड्रात सगळं लेमिंगवर चालतं. लेमिंग म्हणजे आखूड शेपटीचा, गुबगुबीत उंदीर. काही वर्षांनी त्यांचं उदंड पीक येतं. मग घुबडं येतात, अंडी घालतात, कोल्ह्यांचीही पोटं उंदरांवरच भरतात आणि बदकांची अंडी वाचतात. पीक बुडालं की घुबडं फिरकत नाहीत आणि कोल्हा बदकांच्या घरट्यांकडे वळतो. माझ्या वाट्याला शेवटी बुडालेली वर्षं आली, तिच्या वाट्याला पिकाचं. हे सगळं मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं होतं आणि तरीही मी जळत होते. ती जागा माझी होती, थंडीत फुटलेले ओठ माझे होते, आणि पिल्लं मात्र तिला दिसत होती.

आमचं घर बेलव्ह्यूला; नवरा तिथेच सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला पक्ष्यांतलं काही कळत नाही, माझ्यातलं बरंच कळतं. शनिवारी कॅम्पवरून नोंदींची शीट यायची. मी लॅपटॉप उघडला की तो चहाचा कप ठेवत विचारायचा, "काय म्हणते तुझी सवत?"

जाण्याआधी ती आमच्या घरी आली होती. दारातच "मावशी" म्हणाली. लॅबमध्ये मला विद्यार्थीसुद्धा नावानं हाक मारतात, त्यामुळे एका शब्दात दहा वर्षांनी म्हातारी झाल्यासारखं वाटलं. तिनं तीन थालीपीठं खाल्ली, चौथं मागून घेतलं, आणि मग मी माझ्या वह्या तिच्यापुढे ठेवल्या.

घुबड नेहमी उंचवट्यावर घरटं करतं, म्हणून आम्ही उंचवट्यांना नंबर दिले आहेत आणि दर उन्हाळ्यात प्रत्येकावर चढतो. पाळायचे नियम दोनच. न पचलेली हाडं आणि केस घुबड गोळ्या करून ओकून टाकतं. त्या गोळ्या, अंड्यांची टरफलं, सगळं वेचून उंचवटा झाडून साफ करायचा, म्हणजे पुढच्या वर्षी जे सापडेल ते मधल्या काळातलं, हे नक्की. दुसरं, शून्य लिहायचं तर स्वतः वर चढून, बघून. जाता आलं नाही तर शून्य लिहायचं नाही, रेघ मारायची आणि कारण लिहायचं. एका खोट्या शून्यानं सगळ्या वर्षांच्या नोंदींवरचा विश्वास उडतो, हे मी तिला दोनदा बजावलं.

नर घुबड डोक्यावर झेपावतो तेव्हा काठी डोक्यापेक्षा उंच धरायची, तेही सांगितलं. माझी काठी दिली, लोकरी मोजे दिले. एकच गोष्ट सांगितली नाही. सत्तावीस नंबरचा उंचवटा ओढ्यापलीकडे आहे आणि तो ओढा एकाच ठिकाणी, खालच्या वळणावर, गुडघाभर असतो. बाकी सगळीकडे कमरेएवढं बर्फाचं पाणी. ती वह्या बॅगेत भरत असताना ते माझ्या ओठावर आलं होतं. मी म्हणाले, "लोणचं देऊ का बांधून?"

जूनच्या तिसऱ्या शनिवारची शीट आली. उंचवट्यांपुढे नुसती घरटी, कुठे सात अंडी, कुठे आठ. सत्तावीसपुढे रेघ. कारण: ओढ्याला पाणी जास्त. खरं सांगते, मला बरं वाटलं. त्या दिवशी मी सगळा व्यायाम केला, वर नवऱ्याला शिरा करून घातला.

पुढच्या बुधवारी तिचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते, आवाज तुटत होता.

"मावशी, सत्तावीसवर जाऊन आले. तीन तास शोधलं तेव्हा खाली एक वळण सापडलं. वर नेस्ट आहे, सहा पिल्लं आहेत."

"छान," मी म्हणाले.

"पण बाजूला शेवाळात जुन्या गोळ्या मिळाल्या. टरफलंसुद्धा, पांढरी पडलेली. यंदाची नाहीत. शीटमध्ये मागच्या वर्षी तुमचा झीरो आहे. तुम्ही तेव्हा साफ केलं होतं ना?"

मागच्या उन्हाळ्यात माझा गुडघा लिंबाएवढा सुजला होता. मी ओढ्याच्या अलीकडे गवताच्या पुंजक्यावर बसले, दुर्बीण लावली, पांढरं काही हललं नाही, आणि मी शून्य लिहिलं. त्याच्या आदल्या वर्षी तो उंचवटा मी स्वतः झाडून साफ केला होता; म्हणजे त्या सबंध भकास वर्षात घुबडांची एक जोडी आली होती. ती तिथेच, माझ्यासमोर बसली होती आणि मी उठले नव्हते.

"शेवाळामुळे किती जुनी, हा माझा अंदाज चुकत असेल," ती म्हणाली. "आधीची असतील, तुमच्या नजरेतून सुटली असतील. तसं लिहू का?"

ती मला वाट करून देत होती. त्याचाच जास्त संताप आला. माझ्या वयाची होईपर्यंत हिलाही शून्य लिहायचा मोह होणार नाही का, असं वाटलं; आणि होणार नाही, हेही कळलं. घुबडांनी भरलेल्या वर्षात तिनं रेघ मारली होती. पिल्लांपेक्षा त्या रेघेचा मला जास्त हेवा वाटला.

"साफ केलं नव्हतं," मी म्हणाले. "वर गेलेच नव्हते. शून्य खोड आणि रेघ मार. गोळ्या सापडल्या ते शेऱ्यात लिही, सापडल्या तुला, म्हणून तुझ्या नावानं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणजे तुम्हालाही पाणी आडवं आलं," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम मोकळा झाला होता. "एक सांगू मावशी? रागावू नका. मागच्या आठवड्यात त्या ओढ्याशी उभी होते तेव्हा मला वाटलं, ह्यांना जागा माहीत असणार आणि ह्यांनी मुद्दाम सांगितली नाही. लई चिडले होते तुमच्यावर. वळण बदललं असणार त्या ओढ्यानं. सॉरी."

नवरा दारात येऊन उभा होता. कोणाचा फोन, असं त्यानं हातानंच विचारलं. मी त्याच्याकडे पाठ केली.

"असू दे," मी तिला म्हणाले.