हा लाँग, लान हा आणि आमचा हाहाकार

बत्तीस वर्षं मी वर्ध्याजवळच्या सेलूच्या शाळेत भूगोल शिकवला. या काळात समुद्र मी दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा ओहोटी होती.

त्यामुळे मी निवृत्त झालो तेव्हा आमच्या पूर्वाला माझी दया आली. (पूर्वा ही माझी मुलगी. सावंगीला दातांची डॉक्टर आहे. माझे दात मात्र तपासत नाही. म्हणते, ‘‘बाबा, तुम्ही एकदा तोंड उघडलं की बोलूनच राह्यता!’’)

‘‘बाबा, तुम्ही आईले घेऊन व्हिएतनामले जा,’’ ती म्हणाली.

‘‘व्हिएतनामलेच काऊन?’’

‘‘सगळे तिकडंच जाऊन राह्यले. क्रूझ असते. एक रात्र बोटीवरच राहायचं, चहूबाजूंनी समुद्र, पाण्यात उभे डोंगर. आजीलेही न्या. तिनं समुद्र पाहलाच नाई.’’

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. सासूबाई म्हटल्यावर त्यांचा मुलगा दिलीप आला. हा माझा एकुलता एक साळा. जाम गावच्या चौफुलीवर त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर, विशेषतः माझ्या विषयावर, त्याला मत आहे. त्याची बायको येणार नव्हती. तिला बोट लागते म्हणे. माझ्या मते तिला दिलीप लागतो.

आता खरी अडचण सुरू झाली. तिकडे क्रूझसाठी उपसागर दोन! एक हा लाँग, दुसरा लान हा. दोन्ही एकमेकांना खेटून, जसं वर्धा आणि सावंगी. हा लाँग जगप्रसिद्ध, लान हा त्या मानाने शांत. मी तीन आठवडे मोबाइलवर अभ्यास केला आणि निर्णय दिला: लान हा.

‘‘हा लाँग,’’ दिलीप म्हणाला. त्याने अभ्यास तीन मिनिटं केला होता.

‘‘कारण?’’

‘‘नाव आहे न त्याचं, भाऊजी! उद्या लोकं इचारतीन, कुठं गेलते? लान हा म्हटलं तर म्हणतीन, हे कोणतं खेडं काढलं?’’

म्हणून एका रविवारी मी आमच्या बैठकीत रीतसर सभा बोलावली. शाळेच्या निरोप समारंभात मिळालेला आशिया खंडाचा नकाशा भिंतीवर टांगला, हातात छडी घेतली आणि चुनखडीच्या खडकांची झीज इथपासून सुरुवात केली. वीस मिनिटांनी मी मुद्द्यावर आलो.

‘‘तर एका बाजूले हा लाँग, दुसऱ्या बाजूले लान हा.’’

‘‘कोणता हा?’’ सासूबाईंनी विचारलं.

‘‘हा लाँग, आई.’’

‘‘हा लांब आहे? मंग जवळचा पाहा न, जावईबापू!’’

‘‘लांब नाई, लाँग! नाव आहे ते.’’

‘‘आणि तो लहान हा?’’

‘‘लहान नाई, लान! लान हा!’’

‘‘म्हंजे एक हा लांब आहे आणि एक हा लहान आहे,’’ सासूबाईंनी सुनंदाला समजावून सांगितलं. सुनंदा म्हणजे माझी बायको. ती तोंडाला पदर लावून हसत होती. बत्तीस वर्षांत माझ्या वर्गात कुणाची अशी हिंमत झाली नव्हती!

मी छडी आपटली. लान हाचे गुण मोजून सांगितले. बोटी कमी, म्हणून शांतता जास्त. पाणी हिरवंगार. डोंगराच्या पोटातून आरपार गेलेली दगडी कमान, तिच्याखालून छोटी होडी वल्हवत जाता येतं. गर्दीच्या मागे धावणं हे अडाण्यांचं लक्षण आहे, असंही म्हणालो. म्हणताना दिलीपकडे पाहिलं.

मग मतदान झालं. चार चिठ्ठ्या. हा लाँगला तीन, लान हाला एक!

‘‘पुन्हा मोजा,’’ मी म्हणालो.

‘‘अजी, चारच तर चिठ्ठ्या आहेत!’’ सुनंदा म्हणाली. म्हणजे हिनेही! घरातला माणूस फितूर असला की भूगोल काय करणार?

‘‘भाऊजी, नाराज नोका होऊ,’’ दिलीप मोठ्या मनाने म्हणाला. हरल्याचं दुःख पचतं, पण जिंकणाऱ्याचं मोठं मन पचत नाही. ‘‘बुकिंगचा फॉर्म तुम्हीच भरा. तुमचं इंग्रजी चांगलं आहे.’’

भरला. मोबाइलवर बोटींची पानं तीन आठवड्यांपासून उघडीच होती. एका पानावर ‘निघण्याचं ठिकाण: हा लाँग’ असं दिसलं. दातओठ खात बटण दाबलं आणि मनाशी ठरवलं की, जाईन, पण त्या उपसागराचं एक शब्दानेही कौतुक करणार नाही.

हनोईहून बसने धक्क्यावर पोचलो. तिथे भल्यामोठ्या अक्षरांत ‘हा लाँग’ लिहिलेलं. दिलीपने त्या पाटीला टेकून अकरा फोटो काढले आणि बोट सुटण्याआधी जाम चौफुलीला पोचवले.

बोटीवर एका हसऱ्या मुलीने आमचं स्वागत केलं. ती आमची गाइड. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी यांची आधी कधी भेट झालेली नव्हती. छातीवर हात ठेवून ती बरंच काही बोलली. त्यात ‘लान्हा, लान्हा’ असं तीनदा आलं. मी ओळखलं की पोरीचं नाव लान्हा. ‘‘थँक्यू, मिस लान्हा,’’ मी म्हणालो. ती जरा थबकली, मग गोड हसली. पुढे सगळा प्रवास मी तिला त्याच नावाने हाक मारली आणि ती बिचारी दरवेळी ‘ओ’ देत राहिली.

दीड-दोन तासांनी पाण्यातून डोंगर वर यायला लागले. एकामागून एक, शेकड्यांनी. सासूबाई कठडा धरून उभ्या राहिल्या.

‘‘अगं बाई! सुनंदे, पाहून राह्यली का? पाण्यातून उगवले जसे!’’

‘‘चुनखडी आहे, आई,’’ मी म्हणालो. ‘‘पाण्यानं झिजलेली. लान हाची याच्याहून चांगली झिजली आहे.’’

‘‘पाणी पाहा न कसं हिरवं आहे,’’ सुनंदा म्हणाली.

‘‘शेवाळ असन. आपल्या बोर धरणाचं पाणी याच्यापेक्षा साफ आहे.’’

‘‘आणि किती शांत वाटून राह्यलं!’’

‘‘शांत? बोटीच नाईत, शांत नाई तर काय! लोकांनी सोडून दिली ही जागा. म्हणून म्हणत होतो...’’

‘‘अजी,’’ सुनंदा म्हणाली, ‘‘जरा वेळ गप्प बसता का?’’

मी गप्प बसलो. म्हणजे जेवणापर्यंत. जेवणात शाकाहारी म्हणून उकडलेली पानकोबी आणि पनीरसारखं दिसणारं, पण पनीर नसलेलं काहीतरी आलं. मी त्यावर बोलणार, तोच सासूबाईंनी पिशवीतून जवसाची चटणी काढली. गाइड पोरीलाही वाढली. तिने बोटं चाटली, पुन्हा मागितली, आणि त्या क्षणापासून दोघी एकमेकींच्या झाल्या. सासूबाई वऱ्हाडीत बोलायच्या, ती तिच्या भाषेत बोलायची, आणि दोघींना सगळं समजायचं. मी नकाशा घेऊन मध्ये गेलो की दोघीही गप्प व्हायच्या.

दुपारी छोट्या होडीत बसून वल्हवायचं होतं. एका डोंगराला आरपार भोक होतं. त्याच्याखालून जाताना सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी नेमका त्याच वेळी मागे वळून दिलीपला सांगत होतो, ‘‘याले कमान म्हणतात का? लान हाची कमान पाहजो एकदा, कशी उंच...’’ आणि ठाण्ण!

‘‘लागलं का, भाऊजी?’’

‘‘लान हाले लागलं नसतं,’’ मी कपाळ चोळत म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेकवर चहा घेताना मराठी कानावर पडलं. नाशिकहून आलेला अकरा जणांचा गट होता. त्यांचे म्होरके एक टोपीवाले गृहस्थ. ओळख झाली. मी भूगोलाचा शिक्षक म्हटल्यावर त्यांनी मोठ्या आदराने खुर्ची सरकवली. (इतका आदर मला सेलूत कधी मिळाला नाही. तिथेच माझं डोकं फिरलं.)

‘‘काय सर, सुंदर आहे ना?’’ त्यांनी विचारलं.

‘‘सुंदर?’’ मी हसलो. समोरच्याला आपण किती अडाणी आहोत हे कळावं, असं हसलो. ‘‘साहेब, तुम्हाला दोष देत नाही. माहिती नसली की माणूस इथं येतो. खरा पाहण्यासारखा उपसागर म्हणजे लान हा.’’

टोपीवाल्यांचा कप वाटेतच थांबला. ‘‘अहो, पण आम्ही लान हाचंच बुकिंग केलंय!’’

‘‘असेल. पण तुम्हाला आणलं हा लाँगला!’’

‘‘खात्री आहे तुमची?’’

‘‘साहेब, बत्तीस वर्षं हेच शिकवलं. लान हाचे सुळके मी झोपेत ओळखीन. आणि हे ते नव्हेत!’’

पाच मिनिटांत डेकवर बंड झालं. नाशिकचे अकराच्या अकरा जण उठले. एक मावशी म्हणाल्या, ‘‘मला कालपासूनच काहीतरी कमी वाटत होतं!’’ टोपीवाले गाइडवर धावून गेले. फसवणूक, तक्रार, पोलीस असे शब्द इंग्रजीत ऐकू यायला लागले. पोरगी रडवेली झाली. ते पाहून सासूबाई पदर खोचून तिच्यापुढे उभ्या राहिल्या आणि नाशिककरांना दटावू लागल्या, ‘‘पोरीवर काऊन ओरडून राह्यले तुम्ही? चटणी खाल्ली तिनं माह्या हातची!’’ नाशिककरांना यातलं काहीही समजलं नाही. मी मात्र न्याय मिळवून देण्याच्या भरात पुढे झालो आणि म्हणालो, ‘‘मिस लान्हा, घाबरू नका. कप्तानाला बोलवा!’’

कप्तान आला. त्याने आम्हा सगळ्यांना आपल्या खोलीत नेलं. तिथे पडद्यावर नकाशा होता, आणि नकाशावर एक लाल ठिपका लुकलुकत होता. कप्तानाने ठिपक्यावर बोट ठेवलं, मग पायाखालच्या फळ्यांकडे बोट केलं. म्हणजे हे आपण. ठिपक्याभोवती ठळक अक्षरांत लिहिलं होतं: लान हा.

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदाही तेच लिहिलं होतं.

गाइड पोरगी डोळे पुसत, सावकाश, एकेक शब्द सोडवून बोलली तेव्हा उलगडा झाला. लान हाच्याही कितीतरी बोटी हा लाँगच्याच धक्क्यावरून सुटतात. आमची बोट पहिल्यापासून लान हाची. काल स्वागत करताना ती ‘लान हामध्ये तुमचं स्वागत’ हेच तीनदा म्हणाली होती. आणि तिचं नाव थू होतं!

मग दिलीपने बुकिंगचा कागद मोबाइलवर काढला. बोट लान हाची, फॉर्म भरणारा मी. तीन आठवडे उघड्या राहिलेल्या माझ्या लाडक्या लान हाच्याच पानावर मी बटण दाबलं होतं.

नाशिकच्या मावशी म्हणाल्या, ‘‘तरीच! मला कालपासून किती प्रसन्न वाटतंय!’’ टोपीवाल्यांनी माझ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि टोपी डोक्यावर दाबून ते निघून गेले. सासूबाईंनी विचारलं, ‘‘म्हंजे हा लहान हा होता का, जावईबापू?’’

मी दिलीपकडे पाहण्याचं टाळत होतो. तो हसेल, टोमणे मारेल, अशी तयारी ठेवली होती. त्याने खांद्यावर हात ठेवला. ‘‘भाऊजी, सच्ची सांगतो. जागा एक नंबर निवडली तुम्ही. कमान तर जबरदस्त.’’ यापेक्षा त्याने मला समुद्रात ढकललं असतं तर बरं झालं असतं.

सुनंदा मात्र चिडली होती. ‘‘मले हा काय न तो काय,’’ ती म्हणाली. ‘‘पहिल्यांदा घराबाहेर निघालो आपण. काल सकाळपासून मी तुमचंच ऐकून राह्यली. समुद्र पाहाले वेळच नाई भेटला.’’

हे मात्र लागलं. कपाळापेक्षा जास्त. मी डेकवर गेलो, दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या, तिला बसवलं आणि म्हटलं, ‘‘आता एक शब्द बोलणार नाही. आता फक्त पाहू.’’ आणि खरंच, मनापासून, डोळे भरून पाहायला मान वर केली. धुकं आलं होतं! डोंगर नाहीत, पाणी नाही, पलीकडचा कठडासुद्धा दिसेना. धक्क्याला लागेपर्यंत आम्ही दोघं पांढऱ्या भिंतीकडे पाहत बसलो. तासाभराने सुनंदाच हसायला लागली. ‘‘बोला आता काहीतरी,’’ ती म्हणाली.

एक गोष्ट मात्र मी तिलाही सांगितलेली नव्हती. पहिल्याच संध्याकाळी, कपाळावर बर्फ धरून, मी त्या बोटीबद्दलचा अभिप्राय इंटरनेटवर टाकला होता. कडक इंग्रजीत. तो पुसायचा कसा, हे मला माहीत नाही, आणि पूर्वाला विचारायची सोय नाही.

घरी परतल्यावर महिनाभराने दिलीपचा दुकानातून फोन आला.

‘‘भाऊजी, आपल्या बोटीबद्दल कोण्या शहाण्यानं काय लिहून ठेवलं, ऐका. म्हणते, ही जागा फालतू आहे, इथं येऊन फसू नोका, त्याच्यापेक्षा लान हाले जा! गंमत म्हंजे, कितीतरी लोकांनी खाली त्याचे आभार मानले.’’

‘‘मूर्ख दिसतो कोणी,’’ मी म्हणालो.

‘‘हो न! नाव नाई लिहिलं त्यानं. फक्त ‘निवृत्त भूगोल शिक्षक, जिल्हा वर्धा’ एवढंच आहे. तुमच्या ओळखीचा आहे का पाहा न जरा.’’

मी बराच वेळ विचार केल्यासारखं केलं आणि म्हणालो, ‘‘हिंगणघाटकडचा असन.’’