खिडकी अत्तींनी तोडली नव्हती

आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला पाण्याच्या तांब्याबरोबर एक बातमी मिळायची. "अव्वानं खिडकी तोडली, बरं का." बातमी देणारे माझे पती. अव्वा म्हणजे त्यांची आई. त्या तिथंच खुर्चीत बसलेल्या असायच्या. पाहुणे हसायचे, त्याही हसायच्या. कुणी विचारलं की काळंनिळं झालेलं नख दाखवायच्या. मला या हसण्याचा संताप यायचा. सासूबाईंना मी अत्ती म्हणते, आमच्याकडे तीच पद्धत. आणि अत्ती खोटं हसायला लागल्या की मला लगेच कळतं.

खिडकी पुढच्या खोलीतली, गल्लीवरची. गल्ली अरुंद. जुन्या झडपा बाहेर उघडायच्या आणि दुचाकीवाल्यांच्या खांद्याला लागायच्या, म्हणून घर दुरुस्त करताना आम्ही वर सरकणाऱ्या खिडक्या बसवल्या, एक पुढे आणि तेवढीच एक मागे. खालची काच उचलायची आणि हात सोडायचा. जिथं सोडली तिथं ती थांबते. दोन्ही बाजूंच्या चौकटीत लांब स्प्रिंगा असतात, काचेचा भार त्या पेलतात. सोलापुरात अशी खिडकी फारशी कुणाकडे नाही, हे ती बिघडल्यावर समजलं.

उन्हाळ्यात अत्ती दुपारी चादर भिजवून, पिळून त्या खिडकीत लावायच्या. ओल्या चादरीतून येणारा वारा कसा लागतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. शिवाय चादर जरा बाजूला सारली की समोरच्या काकूंशी बोलता यायचं. काकू अक्कलकोटकडच्या, अत्तीही तिकडच्याच. एकीनं "ऊटा आतेनु?" म्हणून जेवणाची चौकशी केली की पुढचा तासभर दोघींचं कानडी थांबायचं नाही. गुडघ्यांमुळे अत्तींना आमच्या पायऱ्या उतरवत नाहीत. घराबाहेरचं जे काही जग त्यांच्यासाठी उरलं होतं, ते त्या खिडकीत होतं.

मे महिन्यात त्यांनी उचललेल्या काचेच्या पट्टीला चिमटे लावून चादर अडकवली आणि काच धाडकन खाली आली. बोटं थोडक्यात वाचली. एक बांगडी पिचली, एक नख चेंगरलं. पती आतून धावत आले आणि पहिलं वाक्य काय बोलले? "ओलं कापड लटकवायला ती काय दोरी आहे का, अव्वा?"

हात बघितला तो मी.

संध्याकाळी त्यांनी खिडकीला दोन्हीकडून स्क्रू मारले. बंद म्हणजे बंद. "कूलर आणू," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून अत्तींची खुर्ची टीव्हीच्या कोपऱ्यात गेली. समोरच्या काकू काचेपलीकडून हाक मारायच्या, तर या नुसता हात वर करायच्या.

मी कामाला लागले. चौकटीतल्या स्प्रिंगा मोडल्या होत्या. कॉलेजच्या ऑफिसात इतकी वर्षं काढली आहेत. गोष्ट मोडली की तिचा भाग शोधायचा आणि बसवायचा, एवढं मला येतं. पण पेठेतल्या पहिल्याच दुकानदारानं विचारलं, "शटरची स्प्रिंग का?"

"खिडकीची. काच वर जाते आणि थांबते, तसली."

"मग कपाटाचा हायड्रॉलिक घ्या की, ताई. लई चालतोय."

पुढच्यानं दरवाजा आपोआप लावणारा क्लोजर काढून ठेवला. तिसऱ्यानं काहीच काढलं नाही. "असलं हितं मिळत न्हाय. अख्खी खिडकीच बदला, सरकती बसवून देतो. आणि साहेबांना पाठवा की, त्यांना समजंल."

"साहेबांनीच स्क्रू मारून ठेवलेत," मी म्हटलं आणि उन्हात बाहेर पडले. अख्खी खिडकी बदला! एक भाग मोडला म्हणून चौकट उखडायची, भिंत फोडायची, आणि हे सगळं समजायला साहेब हवेत.

शेवटी खिडकीच्या कंपनीचा पुण्यातला विक्रेता फोनवर सापडला. "जुन्या स्प्रिंगवरचा नंबर सांगा, मॅडम. तोच पाठवतो."

सोपं होतं. मी नंबर सांगितलाही. मग विचारलं, "मागच्या खिडकीलाही हाच नंबर आहे. माप तेच. मग ती का नाही मोडली?"

"वापरण्यावर असतं, मॅडम. घरात म्हातारं माणूस आहे का?"

पुण्यात बसलेल्या, आमचं घर न पाहिलेल्या माणसालाही गुन्हेगार कोण ते आधीच ठाऊक! मी फोन ठेवला. ऑर्डर दिली नाही.

रविवारी पुढचे स्क्रू काढून दोन्ही खिडक्यांच्या काचा चौकटीतून उतरवल्या. मागची मी एकटीनं उचलली. पुढची उचलताना पतींना हाक मारावी लागली. दोन्हींच्या कडा शेजारी धरल्या तर पुढची काच चांगलीच जाड.

"ही कधी बदलली हो?"

ते आठवायला लागले. मला तोवर आठवलं होतं. शेजारच्या प्लॉटवर यंत्रमाग सुरू झाले, त्या खडखडीनं यांची दुपारची झोप मोडायची, म्हणून यांनी कुणालातरी बोलावून जाड काच बसवून घेतली होती. त्या माणसानं काच बदलली, स्प्रिंगा त्याच ठेवल्या. यांनीही विचारलं नाही.

आता मला अंदाज नको होता, वजन हवं होतं. बाथरूममधला वजनकाटा आणला. "आधी नुसते उभे राहा, मग काच घेऊन."

"माझं वजन कशाला?"

"वजा करायला."

खिडकीबरोबर आलेल्या कागदावर कोणती स्प्रिंग किती भार पेलते ते छापलेलं होतं. आमची काच त्याच्या बरीच पुढे गेलेली. म्हणजे जाड काच बसली त्या दिवसापासून स्प्रिंगा मरत होत्या. चादर नसती तरी काच एक दिवस कोसळणारच होती, आणि तेव्हा खाली कुणाची बोटं असती कोण जाणे. तोच नंबर मागवला असता तर पुन्हा तेच झालं असतं, आणि पुन्हा नाव अत्तींचंच आलं असतं.

विक्रेत्याला परत फोन लावला. सगळ्यात दणकट स्प्रिंग द्यायला तो तयार होता. मी नको म्हटलं. ताण जास्त झाला तर काच वरच ओढली जाते, आणि ती खाली घ्यायला अत्तींच्या हातात तेवढा जोर नाही. मी ताण फिरवून कमीजास्त करता येणारी जोडी घेतली, वजन सांगून. चादरीसाठी भिंतीत वेगळे हूक मारले. हे शहाणपण खिडकी घेतानाच कुणी सांगायला हवं होतं.

स्प्रिंगा आल्या, आम्ही दोघांनी बसवल्या. काच एका बोटानं वर गेली आणि मध्यावर सोडली तरी हलली नाही. "अत्ती, या, बघा उघडून."

त्या जागच्या हलल्या नाहीत. "नगं गं. परत काय झालं तर माज्याच नावावर."

मी पतींकडे बघितलं. ते स्क्रू-ड्रायव्हर पुसत होते, पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "अहो, बोला."

"अव्वा, ती जाड काच मी बसवली होती. तिच्या वजनानं स्प्रिंग गेली. तुझ्या चादरीनं नाही."

"व्हय?" अत्ती म्हणाल्या. "मग आल्यागेल्याला काय सांगत हुतास?"

"चुकलं."

"मला कशाला सांगतोस? माजं मला ठावं हुतं."

त्या भिंतीला धरून उठल्या आणि खिडकीपाशी गेल्या. दोन्ही हातांनी पट्टी धरून काच वर सारली. थोडा वेळ हात तसाच खाली धरून ठेवला, मग काढून घेतला. काच थांबली. त्यांनी बाहेर तोंड काढून समोरच्या काकूंना मोठ्यानं हाक मारली. काकू हात पुसत दारात आल्या, तशा अत्ती वळून लेकाला म्हणाल्या, "ये हिकडं. हिच्यापासनं सुरू कर."